तालुक्यातला मानसिक आरोग्याचा आधारगट वाढवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांनी काही वर्षांपूर्वी स्वमदत गट सुरू केला. महिन्यातून दोनदा शाळेच्या वर्गात बैठक भरते. जिल्ह्याच्या ठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येऊन जातात. एक निवृत्त शिक्षिका आणि दोन तरुण कार्यकर्ते घरभेटी देतात. आता आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली आहेत, आणि एका कंपनीने वीस खाटांच्या पुनर्वसन केंद्राची इमारत बांधून देण्याची तयारी दाखवली आहे. इमारत घ्यावी का, गावं वाढवावीत का, आणि वाढवायची तर आधी काय करावं?

माझं मत स्पष्ट सांगते. गावं जरूर वाढवा. इमारत आत्ता घेऊ नका. आणि या दोन्हींच्या आधी, घरभेटी देणाऱ्या तिघांच्या पाठीशी कोण उभं राहणार ते ठरवा. या क्षेत्रात मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून माझी बरीच वर्षं गेली. गट पैशांअभावी बंद पडलेले मी पाहिले आहेत, पण त्याहून जास्त गट कार्यकर्ते मनाने थकून गेल्यामुळे विस्कटलेले पाहिले आहेत. रोज कुणाचं तरी दुःख ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं बोलायला, चुकलं कुठे ते विचारायला जागा नसेल तर तो दोन-तीन वर्षांत गळून जातो. तो गेला की त्याच्या भरवशावर औषध घेणारी दहा घरंही मागे पडतात.

आपल्याकडच्या जुन्या संस्था कशा वाढल्या ते बघितलं की यातलं बरंच उलगडतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. त्या पैशांतून स्वतःची टोलेजंग वास्तू उभी राहिली नाही, सरकारी जागेत काम उभं राहिलं. व्यसनी माणूस घरी परतल्यावर घसरतो कुठे, हे कळत गेलं तसं पाठपुराव्याचं काम वाढलं, त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट झाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय. पी. एच. ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. 'सुदृढ मन सर्वांसाठी' हे त्यांचं ब्रीद, आणि तेव्हापासून उपचारांबरोबर शाळा, पालक, कामाच्या जागा असं एकेक दार उघडत गेलं. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची गोष्ट तुम्हाला जास्त जवळची वाटेल, कारण ती एका कुटुंबाच्या अनुभवातून उभी राहिली. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तिकडच्या मराठी माणसांना सोबत घेऊन त्यांनी इकडच्या कामांसाठी पैसा उभा केला, आणि या संस्थेने स्वमदत गट चालवण्याबरोबरच 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट २००४ साली लोकांपुढे आणला. एका घरातला आजार लपवून ठेवायचा नाही, हा निर्णय तिथे संस्थेच्या मुळाशी आहे.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. आधी एक काम नीट हाताला बसलं, ते करताना पुढची गरज दिसली, मग पुढचं पाऊल पडलं. तुमच्या गटाला आत्ता कोणती गरज दिसते आहे? तुम्ही लिहिलं आहे की गावांतून बोलावणी येत आहेत. एकाही घराने खाट मागितलेली नाही. खाटा कंपनीने सुचवल्या आहेत.

आता पाठीशी उभं राहण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळं इथेच अडतं किंवा सुटतं.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी संगत ही संस्था सुरू केली. सुरुवात मुलांच्या विकासाच्या आणि कुटुंब मार्गदर्शनाच्या छोट्या केंद्रापासून होती. पुढे त्यांनी एक धाडसी प्रश्न हाती घेतला: मानसशास्त्राची पदवी नसलेला, गावातलाच माणूस नैराश्यावर समुपदेशन करू शकेल का? त्यांच्या 'मानस' अभ्यासात गोव्यातले २४ दवाखाने होते, १२ सरकारी आणि १२ खासगी, आणि सहभागी रुग्ण २,७९६. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत, निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले जिथे समुपदेशक होते तिथे सुमारे ६६ टक्के, आणि जिथे नव्हते तिथे सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर बहुधा आधीपासूनच माणसाला ओळखत होते, वेळ देत होते.

या शेवटच्या वाक्याचा तुमच्या विस्ताराशी थेट संबंध आहे. तुमचे कार्यकर्ते कुठे बसवायचे हे ठरवताना गावातल्या चांगल्या फॅमिली डॉक्टरच्या शेजारी बसवू नका. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत बसवा. तिथे शंभर माणसांच्या रांगेत एखादी बाई अंगदुखी, छातीत धडधड, झोप नाही असं सांगते आणि दोन मिनिटांत गोळ्या घेऊन बाहेर पडते. तिच्याशी कुणीतरी वीस मिनिटं बोललं पाहिजे. तुमच्या शिक्षिकाबाई आठवड्यातून दोन सकाळी तिथे बसल्या तरी तो तुमचा सर्वांत उपयोगी विस्तार ठरेल, आणि त्याला इमारत लागत नाही. वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र, एक खुर्ची आणि दाराला पडदा एवढं पुरतं.

संगतनेच पुढे २०१७ मध्ये नैराश्यावरच्या छोट्या उपचारपद्धतीचे निष्कर्ष मांडले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्ण, सहा ते आठ भेटी, आणि समुपदेशक पुन्हा स्थानिक, बिगरतज्ज्ञ. तीन महिन्यांनी ज्यांचं नैराश्य मावळलं ते ६४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. बातम्यांमध्ये हे आकडे आले. पण मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची सुपरव्हिजनची, म्हणजे समुपदेशकांच्या कामावर नियमित बोलून त्यांना आधार देण्याची रीत. समुपदेशक रुग्णाच्या परवानगीने आपली भेट ध्वनिमुद्रित करत. मग चार-सहा जणांच्या गटात दर आठवड्याला बसून एकमेकांच्या भेटी ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत आणि बोलत. सुरुवातीला तज्ज्ञ चालवत असलेली ही बैठक हळूहळू समुपदेशकच चालवू लागले. तज्ज्ञ कमी असलेल्या भागात याहून व्यवहार्य रचना मला तरी माहीत नाही.

तुमच्याकडे ध्वनिमुद्रणाने सुरुवात करू नका, लोक बुजतील. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दीड तास, तिघं कार्यकर्ते आणि एक अनुभवी माणूस, एवढंच ठरवा. अनुभवी माणूस जिल्ह्याच्या ठिकाणचा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असू शकतो, आणि एक आठवडा प्रत्यक्ष, तीन आठवडे व्हिडिओ कॉलवर असं चालतं. प्रत्येकाने त्या आठवड्यातली एकच भेट मांडायची. काय म्हणाला, मी काय म्हटलं, मला कुठे अडल्यासारखं झालं. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यांचा मारा करायचा नाही, आधी विचारायचं: त्या वेळी तुला स्वतःला काय वाटत होतं? राग आला होता का? आईची आठवण आली होती का? आपल्याकडे कार्यकर्त्याने थकल्याचं बोलणं म्हणजे सेवाभाव कमी पडला असं समजतात. ही समजूत तुमच्या गटात पहिल्या बैठकीपासून मोडून काढा. ही बैठक लग्नसराई, निवडणूक, पेरणी काहीही असलं तरी चुकवायची नाही. महिन्याच्या मोठ्या सभेला चार माणसं कमी आली तर चालेल, पण ही बैठक रद्द होता कामा नये.

एका अनुभवी माणसाच्या हाताखाली सहा, फार तर आठ कार्यकर्ते नीट सांभाळले जातात असा माझा अनुभव आहे. त्याच्या पुढे गेलं की बैठकीत फक्त आकडे घेतले जातात, माणसं ऐकली जात नाहीत. म्हणजे तुमचा वाढीचा हिशेब सोपा आहे. आणखी सहा कार्यकर्ते हवेत तर आधी आणखी एक सुपरव्हायझर हवा. तुमच्या दोन तरुणांपैकी एकाला त्यासाठी आत्तापासून तयार करा. आपल्या भेटींबद्दल जो मोकळेपणाने बोलतो तो निवडा. सर्वांत जास्त घरभेटी करणाराच त्या कामाला योग्य असेल असं नाही.

आता गावांकडे वळू. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला, ४१ गावांत. तिथे दोन थर होते. 'मित्र' म्हणजे गावातली अशी व्यक्ती की जी अडचणीतला माणूस ओळखते आणि पुढे कळवते. तिच्यावर 'चॅम्पियन', ज्याला चार-सहा भेटींत धीर देणं, दिनक्रम बसवायला मदत करणं, अडचण सोडवण्याच्या पायऱ्या हे शिकवलेलं असतं. त्यांच्या हातात फोन होते आणि फोनवर छोट्या फिल्म, म्हणजे घरात बसून दाखवता येतील अशा गोष्टी. पुढे हेच काम गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात गेलं. तुम्ही हा दोन थरांचा विचार उचला. बोलावणं आलं म्हणून प्रत्येक गावात स्वतः धावत जाऊ नका. ज्या गावातून बोलावणं आलं, तिथे लोक आधीपासून कुणाकडे मन मोकळं करायला जातात ते शोधा. बचत गटाची अध्यक्ष असेल, आशाताई असेल, किराणा दुकानदार असेल. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून तिला 'मित्र' म्हणून जोडा, समुपदेशक करू नका.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पाहिलंत तर हे अजूनही चारांत एक इतकंच आहे. तरीही सहा पट वाढ ही साधी गोष्ट नाही, आणि ती मोठ्या रुग्णालयामुळे झालेली नाही. गावातल्या सभा, घरी जाऊन बोलणारी माणसं आणि जवळच्या केंद्रात येणारे डॉक्टर यांची साखळी जुळली म्हणून झाली.

या साखळीत तुमच्याकडे दोन कड्या कच्च्या असणार असा माझा अंदाज आहे. पहिली औषधांची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली औषधं मोफत मिळायला हवीत, पण तालुक्याला साठा संपला की शुभार्थी, म्हणजे आजारातून जाणारा माणूस, पंधरा दिवस औषधाविना राहतो आणि आजार उलटतो. कोणत्या गोळीचे किती रुग्ण आपल्या ओळखीत आहेत याची यादी दर तिमाहीला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाला लेखी द्या. तक्रार करण्यापेक्षा आगाऊ मागणी कळवणारा गट त्यांनाही हवा असतो. दुसरी कडी कागदपत्रांची. मानसिक आजार हे २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वात येतं, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजना यांची वाट उघडते. अनेक घरांत पहिला विश्वास समुपदेशनाने बसत नाही, तहसील कार्यालयात कुणी सोबत आलं म्हणून बसतो. हे काम दुय्यम समजू नका. पेठमध्येही सरकारी योजना मिळवून देणं हा मानसिक आधाराचाच भाग मानला होता, आणि ते योग्यच होतं.

देवऋषी आणि भगत यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण गावं वाढली की प्रश्न येणारच. माणसाला साखळदंडाने बांधणं, मारहाण, उपाशी ठेवणं दिसलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांकडे जा. बाकी वेळी घरच्यांच्या श्रद्धेशी भांडू नका. 'तिकडे जायचं तर जा, गोळ्या मात्र चालू ठेवा' एवढ्यावर सहमती झाली तरी पुष्कळ आहे.

विस्ताराच्या आधी एक कागद तयार असलाच पाहिजे, आणि यात तडजोड नको. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं तर कार्यकर्त्याने काय करायचं, त्याचा कागद. थेट विचारायचं, त्याने विचार बळावत नाही. एकटं सोडायचं नाही. कीटकनाशकाचे डबे घराबाहेर, कुलपात किंवा शेजारी हलवायचे. त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन, रात्र असली तरी. जवळचं कोणतं रुग्णालय चोवीस तास उघडं असतं, गाडी कुणाची मिळते, हे आधीच लिहून ठेवलेलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात लावलेला. आणि प्रयत्न झालाच तर घरच्यांना निक्षून सांगायचं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला भरण्याऐवजी तिची काळजी घेणं हे शासनाचं काम आहे. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत आणि माणूस हातचा जातो. हा कागद पाठ नसलेला कार्यकर्ता घरभेटीला एकटा पाठवू नका.

आता इमारत. खाटा असलेलं केंद्र सुरू केलंत की त्याच २०१७ च्या कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, किमान दर्जाचे निकष येतात, नोंदी आणि तपासणी येते. हे सगळं असायलाच हवं, कारण बंद दाराआड या माणसांचे हाल झाल्याचा आपल्या देशाचा इतिहास आहे. पण वीस माणसं रात्रंदिवस सांभाळायची तर परिचारिका, काळजीवाहक, स्वयंपाकी, रात्रपाळी, डॉक्टरची ठरलेली हजेरी हे आलंच. कंपनी भिंती देईल. दर महिन्याचे पगार कोण देईल? पहिल्या वर्षी देणग्या येतील, तिसऱ्या वर्षी तुमचे घरभेटी देणारे तिघं त्या इमारतीचा खर्च भागवायला देणग्या गोळा करत फिरतील, आणि गावातल्या घरभेटी थांबतील. आणखी एक धोका मला जास्त अस्वस्थ करतो. तालुक्यात खाटा झाल्या की आसपासची थकलेली कुटुंबं माणूस आणून सोडतील आणि न्यायला येणार नाहीत. त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी फार सोसलेलं असतं. पण कायद्याने प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि तुमच्या गटाची आजवरची सगळी धडपड माणूस घरात, गावात राहावा यासाठीच आहे.

त्याऐवजी दिवसाचं केंद्र करा. भाड्याच्या दोन खोल्या, सकाळी दहा ते चार, आठवड्यातून तीन दिवस. पाकिटं बनवणं, भाजी निवडून विकणं, कॅरम, वर्तमानपत्र, दुपारचा डबा. शुभंकर, म्हणजे सांभाळणारे घरचे, त्यांना तेवढे तास श्वास घ्यायला मिळतात. अनेक घरांची खरी गरज तेवढीच असते, आणि एसटीचा पास काढून दिला तर लांबच्या गावांतूनही माणसं येतात.

कंपनीला नकार देऊ नका, मागणी बदला. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या नियमांत चालू वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प घेता येतो. तुम्ही तेवढ्या काळासाठी दोन सुपरव्हायझरचे पगार, आठ कार्यकर्त्यांचं मानधन, प्रवासखर्च, प्रशिक्षण आणि दिवसाच्या केंद्राचं भाडं मागा. त्यासाठी तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या घेतलेली, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ अर्ज भरलेली हवी. हे नसेल तर पहिले सहा महिने त्यातच जातील, आजच एखाद्या चांगल्या सीएला भेटा. आणि चौथ्या वर्षाचं काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मांडा. गावातल्या लोकांची छोटी मासिक वर्गणी त्याच दिवसापासून सुरू करा, रक्कम कितीही लहान असो.

कंपनी फोटो मागेल. शुभार्थींचे चेहरे, नावं, गावं देऊ नका. २०१७ चा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, आणि तालुक्याच्या गावात एका फोटोने मुलीचं लग्न मोडतं, मुलाची नोकरी जाते. कुणाला स्वतःहून बोलायचं असेल तर आजार स्थिर असताना, घरच्यांसह विचार करून, लेखी संमतीने, आणि नंतर मागे घेण्याची मुभा ठेवून. अहवालात लाभार्थींच्या एकूण आकड्याऐवजी तीन गोष्टी द्या: पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांनीही संपर्कात असलेले किती, औषध मध्येच सोडलेले किती आणि का, आणि कामाला किंवा शाळेला परतलेले किती. हे आकडे सुरुवातीला कमी दिसतील. तरी तेच द्या.

कार्यकारिणीबद्दल एकच सांगायचं आहे. सध्या तिथे सगळे शुभंकर असतील. नव्या नोंदणीच्या वेळी किमान दोन जागा आजारातून गेलेल्या माणसांना द्या, मताच्या अधिकारासह. केंद्राची वेळ, डबा, कोणत्या कामाला किती पैसे मिळावेत यावर त्यांचं म्हणणं घरच्यांपेक्षा पुष्कळदा वेगळं असतं, आणि ते ऐकलं की माणसं केंद्रात टिकतात.

तर पुढच्या आठवड्यात दोन कामं करा. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना ओपीडीतल्या जागेसाठी पत्र द्या, आणि सुपरव्हिजनच्या बैठकीचा वार ठरवा. पहिल्या चार बैठका झाल्यावर कंपनीला प्रस्ताव पाठवा. तोपर्यंत कार्यकर्त्यांना नक्की कसली मदत हवी आहे ते त्यांच्याच तोंडून तुम्हाला कळलेलं असेल, आणि प्रस्तावातली अंदाजपत्रकाची पानं त्यावरून लिहिता येतील.